मेंदूतील ॲन्युरिझम: क्लिपिंग की कॉइलिंग, हे ठरवावे कसे

मेंदूतील धमनीच्या भिंतीची एखादी जागा कमकुवत होते, रक्ताच्या दाबाने ती हळूहळू बाहेर येते आणि तिथे लहानशा पिशवीसारखा फुगा तयार होतो. वैद्यकात त्याला ॲन्युरिझम म्हणतात. प्रौढांपैकी सुमारे ३ टक्के लोकांच्या मेंदूत असा फुगा असतो, आणि त्यांपैकी बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ता लागत नाही. ज्यांना लागतो त्यांच्यापैकी काहींना तो फुटल्यावर, म्हणजे अतिदक्षता विभागाच्या दारात लागतो, तर काहींना चक्कर, डोकेदुखी किंवा अपघात अशा वेगळ्याच कारणासाठी काढलेल्या एमआरआयच्या अहवालातील एका ओळीतून लागतो. दोन्ही कुटुंबांसमोर प्रश्न मात्र सारखाच येतो: कवटी उघडून शस्त्रक्रिया करायची (क्लिपिंग), की जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी नेऊन आतूनच फुगा बंद करायचा (कॉइलिंग)?

यांपैकी कोणती पद्धत चांगली, असा सरसकट प्रश्न विचारला की उत्तरही सरसकट मिळते आणि ते उपयोगी पडत नाही. फुगा फुटला आहे का, तो कोणत्या धमनीवर आहे, त्याचे तोंड किती रुंद आहे, रुग्णाचे वय काय, त्याला कोणती औषधे झेपतात आणि उपचार करणारे हात कोणत्या पद्धतीत सरावलेले आहेत, यांवर हा निर्णय उभा असतो. ही माहिती कशी गोळा करावी, तिला किती वजन द्यावे आणि डॉक्टरांशी बोलताना कशावर अडून राहावे, हे पुढे सांगितले आहे. निर्णय अखेर उपचार करणाऱ्या डॉक्टरांसोबतच घ्यायचा आहे, पण समजून दिलेली संमती आणि घाबरून केलेली सही यांत फार अंतर असते.

फुगा फुटला असेल तर

आयुष्यात कधी झाली नव्हती इतकी तीव्र डोकेदुखी काही सेकंदांत सुरू होणे, त्याबरोबर उलटी, मान आखडणे, शुद्ध हरपणे, ही फुगा फुटल्याची ठळक लक्षणे आहेत. रक्त मेंदूभोवतीच्या पातळ आवरणाखालील जागेत पसरते. त्याला सबअरॅक्नॉइड रक्तस्राव म्हणतात. फुटलेला फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वाधिक असतो आणि दुसरा रक्तस्राव पहिल्यापेक्षा बहुधा अधिक घातक ठरतो. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन स्ट्रोक असोसिएशन यांच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत असा फुगा शक्य तितक्या लवकर, शक्यतो २४ तासांच्या आत बंद करावा असे म्हटले आहे.

अशा वेळी चार ठिकाणी मते घेत फिरण्याइतका अवधी कुटुंबाकडे नसतो. त्यामुळे पहिला प्रश्न पद्धतीचा न करता रुग्णालयाचा करावा: क्लिपिंग आणि कॉइलिंग ही दोन्ही कामे इथे नियमितपणे होतात का? केवळ एकच पद्धत उपलब्ध असलेल्या ठिकाणी त्याच पद्धतीची शिफारस होणे स्वाभाविक आहे, आणि त्यात कोणाची लबाडी असतेच असे नाही. हाताशी जे आहे त्यातून डॉक्टर रुग्णाला वाचवू पाहत असतात. पण रुग्णाची प्रकृती हलवण्याजोगी असेल आणि दोन्ही पद्धतींची तयारी असलेले मोठे केंद्र काही तासांच्या अंतरावर असेल, तर तिथे हलवण्याचा विषय कुटुंबाने स्वतःहून काढावा. २०१२ च्या अमेरिकी सूचनांत तर आकडेच दिले होते: वर्षाला असे १० पेक्षा कमी रुग्ण पाहणाऱ्या रुग्णालयाने रुग्णाला वर्षाला ३५ पेक्षा जास्त रुग्ण हाताळणाऱ्या केंद्रात पाठवण्याचा लवकर विचार करावा. या आजारात सरावाची किंमत किती आहे ते यावरून कळते.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. कॉइलिंग केले म्हणजे दोन दिवसांत घरी, अशी ऐकीव समजूत घेऊन बरेच नातेवाईक येतात. न फुटलेल्या फुग्याच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी खरी आहे. फुटलेल्या फुग्याच्या बाबतीत मुळीच नाही. क्लिप असो की कॉइल, दोन्ही उपाय पुढचा रक्तस्राव रोखतात, पण सांडलेले रक्त आणि झालेली इजा जागच्या जागी राहते. साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसादरम्यान मेंदूच्या धमन्या आकसतात आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो, मेंदूतील पाणी तुंबू शकते, शरीरातील सोडियम कमी होऊ शकते. निमोडिपीन हे औषध २१ दिवस द्यावे लागते. अतिदक्षता विभागातील हे दिवस कोणत्याही पद्धतीने टळत नाहीत.

दोन पद्धतींत नेमके काय होते

क्लिपिंगमध्ये संपूर्ण भूल देऊन, बहुतेक वेळा कपाळ आणि कानशील यांच्या मधल्या भागातील हाडाचा एक तुकडा काढला जातो, सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूच्या नैसर्गिक फटींतून वाट काढत फुग्यापर्यंत पोहोचले जाते आणि फुग्याच्या तोंडावर टायटॅनियमची छोटी चिमटी कायमची बसवली जाते. हाड परत जागेवर बसवतात. वॉल्टर डँडी यांनी १९३७ मध्ये पहिल्यांदा ॲन्युरिझमला अशी चिमटी लावली. आज शस्त्रक्रिया चालू असतानाच रक्तात हिरवट रंगाचे एक चमकणारे द्रव्य सोडून किंवा तिथल्या तिथे अँजिओग्राफी करून फुगा पूर्ण बंद झाला का आणि शेजारची धमनी मोकळी आहे का, हे पाहता येते. चिमटी चुकीची बसली असेल तर ती लगेच काढून पुन्हा बसवता येते, ही या पद्धतीची मोठी जमेची बाजू आहे.

कॉइलिंगमध्ये कवटीला हात लावावा लागत नाही. जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून एक बारीक नळी क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत मेंदूपर्यंत नेतात, तिच्यातून त्याहून बारीक नळी फुग्यात शिरवतात आणि प्लॅटिनमची केसासारखी मऊ तार वेटोळी करत आत भरतात. भरलेल्या तारेभोवती रक्त गोठते आणि फुग्यात नवे रक्त शिरणे थांबते. हवी तिथे वेगळी करता येणारी ही तार ग्वीदो ग्युल्येल्मी यांनी लॉस एंजेलिस येथे विकसित केली. पहिल्या रुग्णावर ती १९९० मध्ये वापरली गेली आणि १९९५ मध्ये तिला अमेरिकेत मान्यता मिळाली.

मूळ कॉइलिंगची अडचण एकच होती: फुग्याचे तोंड रुंद असले की तार बाहेर घसरून मुख्य धमनीत येण्याची भीती. त्यावर उपाय म्हणून तोंडाशी तात्पुरता बलून फुगवून तार भरण्याची, आणि धमनीत कायमचा स्टेंट ठेवून त्याच्या जाळीतून तार भरण्याची पद्धत आली. पुढे फ्लो डायव्हर्टर आले. ही अत्यंत दाट विणीची नळी असते. ती फुग्यात न जाता धमनीतच बसते, प्रवाह पुढे वळवते आणि फुगा काही महिन्यांत आपोआप गोठून आकसतो. पाइपलाइन या पहिल्या प्रमुख फ्लो डायव्हर्टरला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली आणि ज्या अभ्यासावर ती मिळाली त्यात वर्षभरानंतर सुमारे ८७ टक्के फुगे पूर्ण बंद झालेले दिसले. धमनीच्या फाट्यावरील रुंद तोंडाच्या फुग्यांसाठी वेब नावाचे विणलेले गोलसर जाळेही आता वापरतात. डॉक्टर नुसते ‘आतून करू’ म्हणाले, तर यांपैकी नेमके काय, हे विचारलेच पाहिजे, कारण प्रत्येकाचे धोके आणि नंतरच्या गोळ्या वेगळ्या आहेत.

एका मोठ्या चाचणीने काय सांगितले आणि काय सांगितले नाही

कॉइलिंगच्या बाजूने बोलणारे जवळजवळ प्रत्येक जण आयसॅट या चाचणीचा आधार घेतात, म्हणून ती नीट समजून घेणे आवश्यक आहे. फुटलेल्या फुग्याच्या २१४३ रुग्णांना यदृच्छेने दोन गटांत विभागून एका गटाचे क्लिपिंग आणि दुसऱ्याचे कॉइलिंग करण्यात आले. निकाल २००२ मध्ये आणि अधिक तपशिलाने २००५ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एका वर्षानंतर मरण पावलेले किंवा दुसऱ्यावर अवलंबून राहिलेले रुग्ण कॉइलिंगच्या गटात २३.५ टक्के, तर क्लिपिंगच्या गटात ३०.९ टक्के होते. दर शंभर रुग्णांमागे सात जण अधिक चांगल्या स्थितीत राहणे ही किरकोळ गोष्ट नाही. नंतर फिट येण्याचे प्रमाणही कॉइलिंगच्या गटात कमी होते. या निकालांनी जगभरची उपचारपद्धती बदलली आणि ती योग्यच बदलली.

तथापि, या चाचणीत प्रवेश कोणाला मिळाला, हे वाचल्याशिवाय हा आकडा आपल्या रुग्णाला लावू नये. तपासलेल्या ९५५९ रुग्णांपैकी सुमारे पाचवा हिस्साच चाचणीत घेतला गेला, कारण ज्यांचा फुगा दोन्ही पद्धतींनी सारख्याच चांगल्या रीतीने बंद करता येईल असे डॉक्टरांना वाटले, तेवढेच रुग्ण त्यात यायचे होते. बहुतेक रुग्ण शुद्धीवर आणि चांगल्या स्थितीत होते, बहुतेक फुगे लहान आणि मेंदूच्या पुढच्या भागातील धमन्यांवर होते, तर मिडल सेरेब्रल (मेंदूच्या बाजूच्या मोठ्या) धमनीवरील फुग्यांचे प्रमाण कमी होते. आपल्या रुग्णाचा फुगा रुंद तोंडाचा असेल, मोठा असेल किंवा मिडल सेरेब्रल धमनीच्या फाट्यावर असेल, तर आयसॅटचे उत्तर त्याच्यासाठी दिलेले नाही. शिवाय ही चाचणी फुटलेल्या फुग्यांची होती. न फुटलेल्या फुग्याला तेच आकडे लावणे ही सर्रास होणारी चूक आहे.

दुसरी बाजू टिकाऊपणाची. आयसॅटच्याच रुग्णांत पुन्हा उपचार करावा लागण्याचे प्रमाण कॉइलिंगनंतर १७.४ टक्के आणि क्लिपिंगनंतर ३.८ टक्के होते, कारण भरलेली तार काळानुसार दबते आणि तोंडाशी पुन्हा पोकळी तयार होऊ शकते. हे वाचून अनेक जण घाबरतात. परंतु पुन्हा पोकळी दिसणे आणि पुन्हा फुटणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनमधील १६४४ रुग्णांचा १० ते १८.५ वर्षे पाठपुरावा केला तेव्हा पहिल्या वर्षानंतर उपचार केलेलाच फुगा पुन्हा फुटल्याच्या घटना कॉइलिंगच्या गटात १३ आणि क्लिपिंगच्या गटात ४ आढळल्या. म्हणजे फरक खरा आहे, पण धोका दोन्हीकडे लहान आहे, आणि दहा वर्षांनी जिवंत व स्वावलंबी असण्याची शक्यता कॉइलिंगच्या गटातच थोडी अधिक राहिली.

फुगा कुठे आहे आणि त्याची ठेवण कशी आहे

माझ्या मते संपूर्ण निर्णयात सर्वाधिक वजन याच गोष्टीला द्यायला हवे, आणि दुर्दैवाने रुग्णाच्या घरच्यांशी बोलताना याच गोष्टीचा उल्लेख सर्वांत कमी होतो. अहवालात धमनीचे नाव, फुग्याची लांबी-रुंदी आणि तोंडाची रुंदी लिहिलेली असते. ती कागदावर उतरवून घ्या.

मिडल सेरेब्रल धमनी मेंदूच्या बाजूच्या फटीत, कवटीपासून तुलनेने जवळ विभागते. तिथला फुगा शस्त्रक्रियेने गाठायला सोपा असतो. त्याचे तोंड बहुधा रुंद असते आणि पुढच्या शाखा कित्येकदा फुग्याच्या बुडातूनच निघतात. अशा ठिकाणी तार भरताना शाखा बंद होण्याची भीती असते, तर चिमट्या वेगवेगळ्या कोनांत लावून धमनीचा आकार पुन्हा घडवता येतो. त्यातच फुगा फुटून मेंदूत मोठी गुठळी झाली असेल, तर ती काढण्यासाठी कवटी उघडावीच लागते, आणि त्याच वेळी क्लिप लावणे सर्वांत सयुक्तिक ठरते.

बॅसिलर धमनीच्या टोकावरील फुग्याची कथा अगदी उलट आहे. तो मेंदूच्या तळाशी, मेंदूस्तंभाच्या पुढ्यात असतो आणि त्याच्या मागे जीवनावश्यक भागांना रक्त पुरवणाऱ्या अतिशय बारीक शाखा असतात. तिथवर शस्त्रक्रियेने पोहोचणे हे या क्षेत्रातील सर्वांत अवघड कामांपैकी एक आहे. मागच्या भागातील धमन्यांवरील फुटलेला फुगा कॉइलिंगला योग्य असेल तर क्लिपिंगपेक्षा कॉइलिंगलाच प्राधान्य द्यावे, असे २०२३ च्या सूचना स्पष्टपणे सांगतात.

अँटिरिअर कम्युनिकेटिंग धमनीवर, म्हणजे दोन्ही बाजूंच्या पुढच्या धमन्यांना जोडणाऱ्या लहान दुव्यावर, दोन्ही पद्धती चालतात; तिथे फुग्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे यावर पुष्कळ अवलंबून असते. पोस्टिरिअर कम्युनिकेटिंग धमनीवरील, म्हणजे पुढच्या आणि मागच्या धमन्यांना जोडणाऱ्या दुव्यावरील, फुगा डोळ्याची हालचाल करणाऱ्या तिसऱ्या मेंदू-नसेवर दाब देतो तेव्हा पापणी खाली पडते आणि बाहुली मोठी होते. डोके न दुखताही हे लक्षण अचानक दिसले, तर त्याच दिवशी तपासणी करावी, कारण फुगा वाढत असल्याची ती खूण असू शकते. दृष्टीच्या नसेजवळील, कॅरॉटिड (मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या) धमनीवरील फुग्यांसाठी पूर्वी कवटीच्या तळाचे हाड घासून वाट करावी लागे. अशा अनेक रुग्णांत आता फ्लो डायव्हर्टर हा पहिला विचार असतो. कॅरॉटिड धमनीच्या कॅव्हर्नस भागातील फुगा मात्र मेंदूच्या जाड आवरणाबाहेर असतो. तो फुटला तरी मेंदूभोवती रक्तस्राव क्वचितच होतो, म्हणून काही लक्षण नसेल तर त्याला बहुतेक वेळा हात लावत नाहीत. हे माहीत नसल्याने केवळ ‘ॲन्युरिझम’ हा शब्द वाचून रात्र-रात्र जागणारी माणसे असतात.

तोंडाची रुंदी ४ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असेल, अथवा फुग्याची रुंदी तोंडाच्या दुपटीपेक्षा कमी असेल, तर त्याला रुंद तोंडाचा फुगा म्हणतात. तोंड अरुंद असेल तर साधे कॉइलिंग सोपे जाते. ३ मिलिमीटरपेक्षा लहान फुग्यात नळी शिरवताना तो फुटण्याची भीती वाढते. २५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या फुग्यात आत अनेकदा जुनी गुठळी असते, कधी भिंत चुन्यासारखी कडक झालेली असते, त्यामुळे चिमटी नीट मिटत नाही आणि तारही टिकत नाही. अशा वेळी फ्लो डायव्हर्टर किंवा डोक्याच्या त्वचेकडील धमनी मेंदूतील धमनीला जोडून बायपास करण्याचा विचार होतो.

रुग्णाचे वय, त्याचे आजार आणि गोळ्यांचा प्रश्न

चाळिशीच्या आतील रुग्णासमोर अनेक दशके असतात, म्हणून टिकाऊपणाचे मोल वाढते. फुटलेल्या फुग्याच्या अशा रुग्णात क्लिपिंगला प्राधान्य देण्याचा विचार करावा, असे २०२३ च्या सूचनांत मोघमपणे का होईना म्हटले आहे. वयस्कर रुग्णाला हृदयाचा किंवा फुप्फुसांचा आजार असेल तर कवटी उघडण्याचा ताण टाळावासा वाटतो. पण वाढत्या वयात धमन्या वळणावळणाच्या आणि आतून खडबडीत झालेल्या असतात, त्यामुळे नळी वर नेणेच कठीण होऊ शकते. तेव्हा ‘वय झाले म्हणजे कॉइलिंग’ हे समीकरण डोळे मिटून स्वीकारू नये. मूत्रपिंड अशक्त असेल किंवा अँजिओग्राफीच्या औषधाची ॲलर्जी असेल, तर तेही आधीच सांगितले पाहिजे.

गोळ्यांच्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावे. स्टेंट किंवा फ्लो डायव्हर्टर बसवला की ॲस्पिरिन आणि बहुधा क्लोपिडोग्रेल अशा रक्ताची गुठळी रोखणाऱ्या दोन गोळ्या काही महिने एकत्र घ्याव्या लागतात आणि त्यानंतर एक गोळी दीर्घकाळ चालू राहते. त्या मधेच बंद केल्या, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन मोठा पक्षाघात होऊ शकतो. पोटात व्रण असलेला, लवकरच दुसरी एखादी शस्त्रक्रिया ठरलेला, गर्भधारणेचा विचार असलेली किंवा गोळ्या नियमित घेणे ज्याला जमत नाही असा रुग्ण असेल, तर ही गोष्ट संकोच न करता डॉक्टरांना सांगावी. औषधे नियमित होणार नाहीत हे कबूल करण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही; ते लपवण्यात मात्र जिवाचा धोका आहे. फुटलेल्या फुग्यात तर या गोळ्या आणखीच अडचणीच्या ठरतात, कारण मेंदूतील पाणी काढण्यासाठी नळी घालायची वेळ आली तर त्या जागी रक्तस्राव होऊ शकतो. त्यामुळेच साध्या कॉइलिंगने किंवा क्लिपिंगने बंद होण्याजोग्या फुटलेल्या फुग्यात स्टेंट वा फ्लो डायव्हर्टर वापरू नये, असे सूचनांत बजावले आहे. फुटलेल्या फुग्यात कोणी थेट स्टेंट सुचवला, तर त्याशिवाय बंद करणे का शक्य नाही, याचे कारण विचारावे.

फुगा फुटलेला नसेल तर: आधी उपचार हवा का?

इथे वेळ असतो आणि तिसरा पर्यायही असतो, तो म्हणजे ठरावीक काळाने तपासणी करत राहणे. २००३ च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, पूर्वी रक्तस्राव न झालेल्या रुग्णांत पुढच्या भागातील ७ मिलिमीटरपेक्षा लहान फुगे ५ वर्षांत फुटलेले आढळले नाहीत. ७ ते १२ मिलिमीटरचे २.६ टक्के आणि १३ ते २४ मिलिमीटरचे १४.५ टक्के फुटले. पोस्टिरिअर कम्युनिकेटिंग आणि मागच्या धमन्यांवरील फुग्यांचे आकडे याहून जास्त होते: ७ मिलिमीटरपेक्षा लहान फुग्यांतही २.५ टक्के. जपानमधील २०१२ च्या अभ्यासात सर्व फुगे मिळून फुटण्याचा दर वर्षाला ०.९५ टक्के निघाला आणि फुग्यावर आणखी एक लहान उंचवटा असेल तर धोका वाढतो असे दिसले. वैयक्तिक धोक्याचा अंदाज बांधण्यासाठी डॉक्टर फेजेस नावाची गुणपद्धती वापरतात. तिच्यात वंश, रक्तदाब, वय, फुग्याचा आकार, पूर्वीचा रक्तस्राव आणि फुग्याची जागा यांना गुण असतात. धूम्रपान आणि कुटुंबातील इतिहास तिच्यात मोजलेले नाहीत, म्हणून ते वेगळे सांगावेत.

हा धोका उपचाराच्या धोक्यासमोर ठेवायचा असतो. एक लाखाहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात न फुटलेल्या फुग्यावरील उपचारात गुंतागुंत होण्याचे प्रमाण आतून केलेल्या उपचारात सुमारे ५ टक्के आणि शस्त्रक्रियेत सुमारे ८ टक्के होते. मृत्यूचे प्रमाण दोन्हीकडे अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी होते. दोन्ही गटांतील फुगे सारखे नव्हते, त्यामुळे हा थेट सामना समजू नये. पण पंच्याहत्तरीच्या व्यक्तीच्या ४ मिलिमीटरच्या फुग्यासाठी आज ५ टक्के धोका पत्करावा का, याचे उत्तर अशा आकड्यांतून बहुधा ‘नाही’ असेच येते, आणि पंचेचाळिशीतील, धूम्रपान करणाऱ्या, आईला असाच रक्तस्राव झालेल्या व्यक्तीच्या ७ मिलिमीटरच्या फुग्याबाबत ते वेगळे येते. तपासणीत फुगा वाढलेला दिसला, तर थांबण्याची बाजू लंगडी पडते. थांबायचे ठरले तरी रक्तदाब काबूत ठेवणे आणि तंबाखूचा धूर कायमचा सोडणे हा उपचारच आहे, आणि तो ठरवून करायचा आहे.

माणसाच्या स्वभावालाही इथे जागा आहे. काहींना ‘डोक्यात फुगा आहे’ या जाणिवेसह जगणे असह्य होते, काहींना वर्षातून एक एमआर अँजिओग्राफी (एमआरआय यंत्रावर धमन्यांची तपासणी) पुरते. डॉक्टरांनी हे विचारले नाही, तर रुग्णाने स्वतः सांगावे.

भेटीला जाताना

अहवालाचा कागद पुरेसा नसतो. सीटी अँजिओग्राफी किंवा डीएसएची (धमनीत नळी घालून केलेल्या अँजिओग्राफीची) मूळ चित्रे सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर घेऊन जावीत, कारण तोंडाची रुंदी आणि शाखांची ठेवण डॉक्टर स्वतः चित्रात पाहतात. न फुटलेल्या फुग्याच्या बाबतीत एक मत क्लिपिंग करणाऱ्या न्यूरोसर्जनचे आणि एक मत आतून उपचार करणाऱ्या तज्ज्ञाचे घ्यावे. दोघे एकत्र बसून रुग्णाची चर्चा करतात असे केंद्र मिळाले तर उत्तम.

या भेटीतील सर्वांत उपयोगी प्रश्न माझ्या दृष्टीने हा आहे: ‘डॉक्टर, माझ्या बाबतीत दुसरी पद्धत तुम्हाला का नको वाटते?’ ‘ती आता जुनी झाली’ किंवा ‘त्यात चिरफाड आहे’ एवढेच उत्तर आले, तर ते अपुरे आहे. ‘तुमच्या फुग्याच्या बुडातून एक शाखा निघते आणि ती मला आतून वाचवता येईल असे वाटत नाही’ हे उत्तर तुमच्या चित्रांतून आलेले आहे आणि त्यावर विश्वास ठेवता येतो. त्याखालोखाल, गेल्या वर्षभरात अशा जागेचे किती फुगे तुम्ही स्वतः बंद केले आणि त्यांतील किती जणांना कायमचे नुकसान झाले, हे विचारावे. चांगले डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाहीत. ठरवलेली पद्धत मधेच जमली नाही तर पुढे काय करणार, फुगा पूर्ण बंद होण्याची कितपत आशा आहे, गोळ्या कोणत्या आणि किती काळ, पुन्हा अँजिओग्राफी कधी, आणि न फुटलेल्या फुग्यात कामावर परतायला किती दिवस लागतील, हेही लिहून न्यावे. शेवटच्या प्रश्नाचे साधारण उत्तर कॉइलिंगनंतर एक-दोन आठवडे आणि क्लिपिंगनंतर चार ते आठ आठवडे असे असते.

उपचारानंतर क्लिप, कॉइल किंवा स्टेंट यांचे नाव व प्रकार लिहिलेले कार्ड मागून घ्यावे आणि त्याची प्रत घरात दोघांकडे ठेवावी. टायटॅनियमच्या क्लिप आणि प्लॅटिनमच्या तारा असताना एमआरआय करता येतो, तर काही जुन्या पोलादी क्लिप असताना तो जीवघेणा ठरू शकतो. त्यामुळे पुढे कधीही एमआरआयच्या टेबलावर झोपण्यापूर्वी ते कार्ड दाखवावे लागते. कॉइलिंग झालेल्यांनी पहिली तपासणी, जी साधारण सहा महिन्यांनी असते, ‘आता बरे वाटते’ म्हणून चुकवू नये. तसेच आई-वडील, भावंडे आणि मुले यांपैकी दोन किंवा अधिक जणांना ॲन्युरिझम झाला असेल, किंवा घरात मूत्रपिंडांत अनेक गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असेल, तर बाकीच्यांनी एमआर अँजिओग्राफी करून घ्यावी का, हा प्रश्न त्याच डॉक्टरांना, त्याच भेटीत विचारून घ्यावा.